डोंगराची माती किती वाहून जाते? पेणच्या जोहे पट्ट्यानं मांडावा असा हिशेब

जून महिन्यात पहिला जोराचा पाऊस झाला की पेण तालुक्यातले ओढे लालसर गढूळ होऊन वाहू लागतात. ऑगस्टमध्येही पाऊस चांगलाच पडत असतो, पण तेव्हा त्याच ओढ्याचं पाणी बरंच निवळलेलं दिसतं. डोंगर तोच, उतार तोच, पाऊसही जवळपास तेवढाच. मग जूनमध्ये एवढी माती येते कुठून आणि ऑगस्टमध्ये ती थांबते कशामुळे? जमिनीची धूप मोजण्याचं सगळं शास्त्र या एका प्रश्नाभोवती फिरतं.

मुंबई-गोवा महामार्गाला लागून असलेलं जोहे हे गाव आपल्याला माहीत आहे ते गणेशमूर्तींसाठी. जोहे, हमरापूर, कळवे इथल्या कारखान्यांतून मूर्ती देशभर जातात. त्यासाठी लागणारी शाडूची माती गुजरातमधून गोणींनी विकत आणावी लागते. म्हणजे या गावात माती वजनानं घेतली जाते आणि तिचा पैसा मोजला जातो. पण गावाच्या पूर्वेकडच्या डोंगरांवरून दर पावसाळ्यात जी माती फुकट वाहून खाडीत जाते, तिचा हिशेब सहसा कुणी ठेवत नाही. तो का ठेवायला हवा आणि कसा ठेवता येतो, हे समजून घेऊ.

माती सुटते कशी?

पुष्कळांना वाटतं की वाहतं पाणी माती नेतं. ते खरं आहे, पण ती पुढची पायरी. सुरुवात पावसाच्या थेंबापासून होते. पाच मिलिमीटर जाडीचा टपोरा थेंब जमिनीवर येतो तेव्हा त्याचा वेग ताशी ३० किलोमीटरच्या वर असतो. उघड्या जमिनीवर असा थेंब आपटला की मातीचं ढेकूळ फुटतं आणि कण चारी बाजूंना उडतात. घराच्या पागोळीखाली भिंतीवर उडालेले चिखलाचे शिंतोडे आपण पाहतोच. असे सुटे झालेले कण मग पाण्याबरोबर उताराला लागतात. पाणी आधी पातळ थरात वाहतं, मग बारीक ओघळी पडतात आणि ओघळींच्या पुढे घळी होतात.

इथंच जून आणि ऑगस्टमधला फरक कळतो. उन्हाळ्याच्या शेवटी डोंगर उघडा असतो. गवत वाळून गेलेलं, कुठं वणवा लागलेला, कुठं राब भाजलेला, नांगरलेली वरकस जमीन मोकळी पडलेली. पहिल्या सरी थेट मातीवर पडतात. महिना-दीड महिन्यात गवत उगवतं, नाचणी-वरी डोकं काढते आणि तोच पाऊस मातीऐवजी पानांवर पडायला लागतो. म्हणून धूप ठरवताना पाऊस किती पडला याइतकंच, तो पडला तेव्हा जमिनीवर पांघरूण होतं की नव्हतं, हेही महत्त्वाचं.

झाडं आहेत म्हणजे धूप नाही, असंही समजू नये. सागाची पानं मोठी असतात. त्यांच्यावर पाणी साचून मोठ्या थेंबांनी खाली गळतं. सागाखालचा पालापाचोळा वणव्यात जळला असेल आणि झुडपं नसतील, तर झाडीतली जमीनही धुपते. मातीला वाचवतं ते जमिनीलगतचं पांघरूण. उंच शेंडे ते काम पूर्ण करू शकत नाहीत.

सहा आकड्यांचं सूत्र

धूप मोजायचं जगात सगळ्यात जास्त वापरलं जाणारं सूत्र अमेरिकेत तयार झालं. वॉल्टर विशमायर आणि ड्वाइट स्मिथ या दोघांनी शेतांवरच्या छोट्या प्रयोग-वाफ्यांमधून अनेक वर्षं गोळा झालेली माहिती एकत्र करून ते १९६५ मध्ये मांडलं आणि १९७८ मध्ये सुधारलं. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘यूएसएलई’ म्हणतात. त्यात सहा गोष्टींचा गुणाकार असतो.

पहिली गोष्ट पावसाचा मारा. वर्षाचे मिलिमीटर किती यापेक्षा पाऊस किती जोरात पडला, हे यात धरतात. दिवसभर रिपरिप पडलेला १०० मिलिमीटर पाऊस आणि दोन तासांत कोसळलेला १०० मिलिमीटर पाऊस सारखे नसतात. दुसरी गोष्ट मातीचा स्वभाव. काही माती सहज सुटते, तर काही घट्ट धरून राहते. तिसरी आणि चौथी म्हणजे उताराची लांबी आणि त्याचा चढ. पाचवी गोष्ट पांघरूण, म्हणजे पीक, गवत, झुडपं, पाचोळा. सहावी म्हणजे माणसानं केलेला बंदोबस्त, म्हणजे बांध, पायऱ्या-पायऱ्यांची शेती, उताराला आडवी नांगरणी.

यातल्या पहिल्या चार गोष्टी बऱ्याचशा निसर्गानं ठरवलेल्या आहेत. शेवटच्या दोन आपल्या हातात आहेत. सूत्राचा खरा उपयोग इथं आहे. आपण काय बदललं तर किती फरक पडेल, ते त्यातून आधीच दिसतं.

आपल्या उतारावर हिशेब

आता हे सूत्र पेण तालुक्यातल्या एखाद्या डोंगरउतारावर लावून पाहू. खालचे आकडे एखाद्या ठराविक शेताचे नाहीत. रीत कळावी म्हणून घेतलेले आहेत.

रायगड जिल्ह्यात वर्षाला ढोबळमानानं ३००० मिलिमीटर पाऊस धरू. पावसाच्या जोराची मिनिटामिनिटाची नोंद नसेल तर भारतात एक ठोकताळा वापरतात: वर्षाच्या पावसाला ०.३६३ नं गुणायचं आणि त्यात ७९ मिळवायचे. ३००० मिलिमीटरसाठी उत्तर येतं ११६८. मातीसाठी ०.०४ धरू. लोहयुक्त जांभ्या प्रकारच्या मातीसाठी भारतातल्या प्रयोगांत अशा कमी किमती मिळाल्या आहेत, कारण लोहामुळे तिचे कण एकमेकांना धरून राहतात. दोघांचा गुणाकार साधारण ४७. याचा अर्थ असा की जमीन पूर्ण उघडी ठेवली, उतार सौम्य म्हणजे ९ टक्के असला आणि त्याची लांबी २२ मीटरच्या आसपास असली, तर वर्षाला हेक्टरी ४७ टन माती जाईल.

आपला डोंगर इतका सौम्य नाही. शंभर मीटर चालल्यावर २५ मीटर चढणारा आणि ५० मीटर लांबीचा उतार घेतला, तर सूत्राप्रमाणे उताराचा आकडा साडेसातच्या जवळ येतो. ४७ गुणिले साडेसात म्हणजे सुमारे ३५० टन. हा झाला बोडक्या डोंगराचा हिशेब.

आता पांघरूण घाला. दाट गवत-झुडपांसाठी ०.०१ धरलं तर ३५० टनांचे साडेतीन टन होतात. उताराच्या दिशेनं नांगरून घेतलेल्या पिकासाठी ०.३ धरलं तर १०५ टन होतात. डोंगर तोच, पाऊस तोच, पण दोन उत्तरांत तीसपट फरक! तुलनेसाठी सांगायचं तर अमेरिकेत शेतजमिनीची धूप हेक्टरी सुमारे ११ टनांपर्यंत असली तर ती सोसण्याजोगी मानण्याची पद्धत आहे. पातळ मातीच्या डोंगरासाठी ही मर्यादा याहूनही कमी असायला हवी.

१०५ टन म्हणजे किती? एका हेक्टरवर मातीचा एक मिलिमीटर थर म्हणजे १० घनमीटर, वजनानं साधारण १३ टन. म्हणजे १०५ टनांचा थर झाला आठ मिलिमीटर. डोंगरावर माती वीतभरच असली तर पंचवीस-तीस वर्षांत खालचा कातळ उघडा पडेल.

सूत्रावर किती विश्वास ठेवायचा?

इथं थांबून विचार करायला हवा. कोकणातल्या डोंगरांवर पिढ्यानपिढ्या नाचणी-वरी पिकते आहे. वर्षाला आठ मिलिमीटर माती सतत जात असती, तर हे डोंगर केव्हाच उघडे पडले असते. मग सूत्र चुकीचं आहे का? तसं म्हणता येत नाही, पण त्याच्या मर्यादा ओळखायला हव्यात.

पहिली मर्यादा अशी की हे सूत्र सौम्य उताराच्या शेतांवर तयार झालं. तीव्र उतारांवर ते ताणून वापरलं की आकडा फुगतो. दुसरी गोष्ट आपल्या जुन्या पद्धतीची. वरकस जमिनीवर पहिल्या वर्षी नाचणी, दुसऱ्या वर्षी वरी, तिसऱ्या वर्षी तीळ किंवा खुरासणी घेत आणि मग काही वर्षं ती पड टाकत. पड जमिनीवर गवत वाढे आणि धूप खाली येई. एका वर्षाचा आकडा दरवर्षीचा समजला की हिशेब बिघडतो. उलट, पड टाकायची वर्षं कमी झाली की धूप किती वाढेल, हेही याच सूत्रातून कळतं.

तिसरी मर्यादा जास्त गंभीर आहे. हे सूत्र फक्त पातळ थरानं आणि ओघळींनी होणारी धूप मोजतं. घळी, नदीकाठ कोसळणं, रस्त्यासाठी किंवा मुरुमासाठी कापलेला डोंगर आणि दरडी यांची माती त्यात येतच नाही. जुलै २०२१ मध्ये महाड तालुक्यातलं तळिये आणि जुलै २०२३ मध्ये पेणच्या शेजारच्या खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. अशा एका रात्रीत जेवढी माती खाली येते, तेवढी शेतातून यायला कित्येक वर्षं लागतील. सह्याद्रीसारख्या भागात एकट्या सूत्राचा आकडा घेऊन ‘डोंगर सुरक्षित आहे’ असं कुणी म्हणत असेल, तर त्याला हा प्रश्न जरूर विचारावा.

सुटलेली माती खाडीत पोचतेच असं नाही

आणखी एक गल्लत वारंवार होते. शेतातून सुटलेली सगळी माती नदीत गेली, असं धरलं जातं. प्रत्यक्षात ती वाटेत अडत अडत जाते. डोंगराच्या पायथ्याशी थोडी थांबते, बांधाला अडते, भाताच्या खाचरांत बसते. कोकणातली भातखाचरं ही एका अर्थानं गाळ धरणारी भांडीच आहेत. उतारावर गेलेली माती खालच्या खाचरात जमा होते आणि म्हणूनच खालची जमीन कसदार असते.

देशपातळीवरचा सगळ्यात जास्त सांगितला जाणारा अंदाज ध्रुवनारायण आणि राम बाबू या शास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये मांडला. त्यांच्या हिशेबानं भारतात वर्षाला ५३३.४ कोटी टन माती जागची हलते, म्हणजे हेक्टरी सरासरी १६.४ टन. त्यातली सुमारे २९ टक्के समुद्रात जाते, १० टक्के धरणांत साठते आणि उरलेली ६१ टक्के एका जागेवरून दुसऱ्या जागी सरकते. म्हणजे निम्म्याहून अधिक माती जमिनीवरच राहते, फक्त मालक बदलते.

कोकणातल्या नद्या मात्र लांब मैदानातून वाहत नाहीत. बाळगंगा, भोगावती, अंबा, कुंडलिका या डोंगरातून उतरतात आणि थोडक्या अंतरात खाडीला मिळतात. गाळाला वाटेत विसावा कमी मिळतो. म्हणून गंगेच्या खोऱ्यातलं प्रमाण उचलून इथं लावता येत नाही.

याचा परिणाम खाली दिसतो. हमरापूर, जोहे, दादर, रावे हा पट्टा खाडीला जवळ. खारेपाटातली शेती बंदिस्तीच्या आधारावर उभी असते. आत भात, बाहेर भरतीचं पाणी. नदीचं आणि खाडीचं पात्र गाळानं उथळ झालं की पावसाचं पाणी लवकर निघत नाही. त्यात उधाणाची भरती आली तर पाणी शेतात आणि घरांत थांबतं. पण गाळ हा नुसता शत्रू नाही. खारेपाटाची जमीनच मुळात याच गाळानं शेकडो वर्षांत घडली आहे. कांदळवनं गाळ धरतात, किनारा वाढवतात, बांधांना पाठबळ देतात. त्यामुळे प्रश्न फक्त ‘गाळ किती’ एवढा नाही. तो कुठून येतो, कधी येतो आणि कुठं बसतो, हे कळलं तरच त्याचं काय करायचं ते ठरवता येतं.

कोकणच्या इतिहासातही हा गाळ आहे. कुंडलिका नदी रेवदंड्याला समुद्राला मिळते, तिथंच जुनं चौल बंदर. हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे दहाव्या शतकाच्या सुरुवातीला, अरब प्रवासी अल-मसूदी इथं आला होता. त्यानं या शहराला ‘सैमूर’ म्हटलं आणि इथं सुमारे दहा हजार मुसलमान राहतात, असं लिहून ठेवलं. पुढे बंदर मागे पडलं त्याला राजकारण आणि मुंबईचा उदय ही मोठी कारणं होती. पण गाळानं उथळ होत गेलेली खाडी मोठ्या जहाजांना कशी चालणार?

नदीत मोजायचं तर जागा बघून

डोंगरावरचा अंदाज खरा की खोटा, हे पडताळायचं तर नदीतला गाळ मोजावा लागतो. रीत सोपी आहे. पुराच्या वेळी ठराविक अंतरानं पाण्याचा नमुना घ्यायचा, गाळून-वाळवून त्यातली माती तोलायची आणि त्या वेळी नदीतून किती पाणी वाहत होतं त्याच्याशी गुणायचं. पण आपल्या भागात दोन ठिकाणी फसगत होऊ शकते.

एक म्हणजे कुंडलिका. भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सोडलेलं पाणी या नदीत येतं. ते पाणी मुळशी धरणाचं, म्हणजे घाटावरचं, आणि धरणात गाळ खाली बसल्यामुळे बरंच स्वच्छ असतं. रोह्याला एक बाटली भरून ‘पाणी निवळ आहे, धूप कमी आहे’ असं म्हटलं तर ते चूक ठरेल. बाहेरून आलेल्या पाण्यानं गढूळपणा नुसता पातळ झालेला असतो. तिथं लिटरमागची माती पाहून भागत नाही, पूर्ण प्रवाह धरून एकूण टनांचा हिशेब करावा लागतो.

दुसरी जागा म्हणजे जोहे गावासारखा खाडीपट्टा. भरतीबरोबर खाडीतला चिखल उलटा आत येतो. तिथं घेतलेल्या नमुन्यातली माती डोंगराची की खाडीची, हे सांगता येत नाही. नमुना नेहमी भरतीचं पाणी पोचत नाही अशा वरच्या जागी घ्यायचा.

तिसरा चांगला साक्षीदार धरण. पेण तालुक्यातल्या हेटवणे धरणासारख्या जलाशयात वरून आलेला बहुतेक गाळ अडतो. काही वर्षांच्या अंतरानं जलाशयाची खोली मोजली की मधल्या काळात किती माती आली ते समजतं. महाराष्ट्रात अशी सर्वेक्षणं नाशिकची ‘मेरी’ ही शासकीय संशोधन संस्था करते. या मोजणीत दरडी आणि घळींचा गाळही येतो, म्हणून सूत्राशी ताडून पाहायला ती उपयोगी पडते. हेटवण्याचं पाणी नवी मुंबईलाही जातं. म्हणजे पेणच्या डोंगरावरची धूप हा नवी मुंबईच्या नळाचाही प्रश्न आहे.

गावाला काय करता येईल?

यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. शाळा, ग्रामपंचायत, जमात किंवा तरुण मंडळ मिळून एका पावसाळ्यात सुरुवात करू शकतात.

उतारावर दहा-पंधरा लोखंडी सळ्या ठोकायच्या. मे महिन्यात प्रत्येक सळी जमिनीवर किती दिसते ते मोजून लिहायचं आणि पावसाळा संपल्यावर पुन्हा मोजायचं. सरासरी दोन मिलिमीटर जास्त उघडी पडली तर हेक्टरी सुमारे २६ टन माती गेली. काही सळ्या गवतात, काही शेतात, काही बांधाखाली असाव्यात, म्हणजे फरक कळतो. बांधाखालची सळी गाडली गेली तर तेही लिहायचं. तिथं माती अडते आहे, हीसुद्धा माहितीच.

ओढ्यासाठी साकवावरून दोरीला बाटली बांधून नमुना घ्यायचा. पुराच्या पाण्यात कुणी उतरायचं नाही. एक लिटर पाणी गाळून-वाळवून समजा दोन ग्रॅम माती निघाली आणि ओढ्यातून सेकंदाला एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर पाणी जात होतं. म्हणजे सेकंदाला दोन किलो, तासाला ७.२ टन माती गेली. असा पूर सहा तास चालला तर ४३ टन. बाटलीत दोन ग्रॅम काहीच वाटत नाहीत, पण हिशेब केल्यावर अंगावर येतात.

सोबत पावसाची रोजची नोंद ठेवायची आणि कुठं वणवा लागला, कुठं डोंगर कापला, हेही तारखेसह लिहायचं. तीन-चार वर्षं अशी वही नीट ठेवली तर कोणत्या ओढ्यातून जास्त माती येते ते गावाला स्वतःच्या आकड्यांनी सांगता येईल. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राकडे किंवा कृषी खात्याकडे जाताना नुसती तक्रार घेऊन जाण्यापेक्षा अशी वही घेऊन गेलेलं बरं.

आकडा कशासाठी?

सरकारी योजनांचा बराच पैसा साठलेला गाळ काढण्यावर जातो. २०१७ मध्ये सुरू झालेली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना त्यातलीच. साठलेला गाळ शेतात नेणं चांगलंच आहे. पण गाळ येण्याची जागा तशीच राहिली तर तेच काम पुन्हा करावं लागणार. वरच्या हिशेबात पांघरुणाचा आकडा बदलला तेव्हा धूप तीसपट बदलली, हे लक्षात ठेवायला हवं. पाऊस कमी करणं कुणाच्या हातात नाही. वणवा रोखणं, उतारावर गवत राखणं, नांगर आडवा चालवणं, फुटलेला बांध मे महिन्यातच सांधणं आणि डोंगर कापताना त्याची माती ओढ्यात न लोटणं, हे मात्र हातात आहे.

डोंगरावर राहणारे कातकरी-ठाकूर, पायथ्याचा भातशेतकरी आणि खाडीकाठची मच्छीमार व खारेपाटातली कुटुंबं ही एकाच पाण्याच्या वाटेवर राहतात. वरच्याचं नुकसान झालं की त्याची माती खालच्याच्या दारात येते. त्यामुळे खालच्या गावांनी बंदिस्तीच्या दुरुस्तीची मागणी करतानाच वरच्या वाड्यांवर बांधबंदिस्तीची आणि चराईच्या पर्यायाचीही मागणी करायला हवी. पुढच्या मे महिन्यात सळ्या ठोकायच्या असतील तर जागा निवडायचं काम या उन्हाळ्याआधीच करता येईल.